पट आणि भिडू

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



खेळांविषयी बोलण्याचा माझा अधिकार एवढाच की, वयाच्या सहाव्या वर्षी आजीच्या शेजारी मी सोंगट्यांच्या पटावर बसलो, तो अद्याप उठलेलो नाही. बुद्धिबळातही मन रमले. नागपूरच्या दिव्या देशमुख हिने २०२५ साली महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा पेढे वाटणाऱ्यांत मीही होतो. परंतु बुद्धिबळात एकट्याला जिंकता येते. सोंगट्यांत ते शक्य नाही. आज सांगावयाचे आहे ते हेच.

तरुण मंडळींसाठी थोडे विवेचन करतो. पटाला चार बाजू. प्रत्येक बाजूस आठ-आठ घरांच्या तीन ओळी, म्हणजे २४ घरे. चारी मिळून ९६. खेळणारे चौघे, प्रत्येकाच्या चार सोंगट्या. समोरासमोर बसलेले दोघे एकमेकांचे भिडू. आपल्या चारही सोंगट्या मधल्या घरात पोचल्या तरी डाव जिंकला असे होत नाही. भिडूच्याही पोचाव्या लागतात.

धर्मराजाच्या द्यूताचा दाखला देऊन काही वडीलधारी मंडळी या खेळाला नावे ठेवीत. परंतु धर्मराजाला बुडविले ते पणाने. आमच्या घरी पटावर सुपारीसुद्धा लावण्यास आजीची मनाई होती.

वडिलांच्या पश्चात घराच्या वाटणीवरून दादांचे व माझे बिनसले. एका छपराखाली राहून तीन वर्षे अबोला होता. एका भाऊबिजेला ताई माहेरी आली असता आईने पट अंथरला. मला दादांच्या समोर बसविले. ताई व वहिनी प्रतिपक्षात. आई समेटाचे एक अक्षरही बोलली नाही.

दादांच्या तीन सोंगट्या घरी गेल्या. चौथी आत वळण्याच्या ठिकाणी आली. माझी शेवटची मात्र अर्ध्या वाटेवर होती आणि तिच्या मागे वहिनींची सोंगटी टपलेली. आमच्या घरच्या रिवाजाप्रमाणे अशा वेळी सोंगटी आत न नेता भिडूच्या मदतीसाठी पुन्हा फेऱ्यावर काढता येत असे. दादांनी तेच केले. दोन दानांत त्यांनी वहिनींची सोंगटी मारली, कवड्या माझ्यापुढे सरकविल्या, आणि तीन वर्षांनंतरचा पहिला शब्द उच्चारला, “टाक दान.”

वाटणी पुढे झालीच. माजघरात भिंत आली. पण त्या भिंतीत आम्ही एक दार ठेवले, आणि त्याला कडी बसविली नाही. दादा आज नाहीत. दार तसेच आहे.

बंधुभगिनींनो, ज्यांच्या चारही सोंगट्या घरी पोचल्या आहेत, अशी मंडळी या सभागृहात थोडी नाहीत. त्यांचा डाव अजून संपलेला नाही. ज्ञातीतील मागे राहिलेल्या मुलांसाठी त्यांनी आणखी एक फेरा मारावा. माझी दुसरी विनंती लहान आहे. पुढील संमेलनात भोजनोत्तर दोन तास पट मांडावेत, आणि ज्यांचे परस्परांशी बोलणे नाही, त्यांना आवर्जून भिडू करावे. पट मी घेऊन येईन.