भाडं कागदावर येऊ द्या



बचत गटाच्या बैठकीत कुणाचा हप्ता चुकला की आम्ही कारण विचारतो. रागवायला नाही, वहीत लिहायला. पूर्वी कारणं ठरलेली असायची: दवाखाना, लग्नकार्य, बी-बियाणं. हल्ली वहीत एकच शब्द सारखा दिसतो, भाडं. "घरमालकीणबाईंनी पाचशे वाढवले." "डिपॉझिट वाढवून मागितलं." म्हणून आज खोलीभाड्यावर बोलायचं ठरवलं.

कुणी म्हणेल, हा तर शहरातला विषय. पण आता आमचं मुळशी कुठं शहराबाहेर राहिलंय! सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक ही गावं २०२१ च्या जूनमध्ये पुणे महापालिकेत गेली. हिंजवडीला आयटी पार्क होऊन वीस वर्षं उलटून गेली. पिरंगुट-उरवड्याकडे कारखाने, लवळ्याला विद्यापीठ. कामाला माणसं आली, लातूर-बीडची, सोलापूरची, पार बिहार-ओडिशाची. माणसं आली तेवढ्या खोल्या नव्हत्या. मग ढकलाढकली सुरू झाली. ज्याला हिंजवडीत फ्लॅट परवडेना तो मारुंजी-माणला आला. मारुंजीत ज्याची खोली होती तो आणखी आत गेला. आणि या सगळ्यांच्या घरची धुणीभांडी करणारी बाई सगळ्यात लांब, सगळ्यात लहान खोलीत.

आमच्या गटात दोन्हीकडच्या बायका आहेत, हे आधीच सांगतो. खोली घेणाऱ्या आहेत, तशा देणाऱ्याही. दोघी एकाच सतरंजीवर बसतात, त्यामुळे भाड्याचा विषय निघाला की आधी शांतता पसरते. देणारीला ऐकणारे 'पैसेवाली' म्हणतात, पण तिचंही ऐका. जमीन विकली ती घरातल्या पुरुषांनी. पैसा गाडीत, बंगल्यात, लग्नात गेला. उरलेल्या चार गुंठ्यांत पत्र्याच्या सहा खोल्या बांधल्या, त्याही पतसंस्थेचं कर्ज काढून. आता भाडं हेच तिचं पीक. २०२० च्या टाळेबंदीत भाडेकरू गावी गेले आणि खोल्या ओस पडल्या. त्या एप्रिलमध्ये राज्याच्या गृहनिर्माण विभागानं घरमालकांना सांगितलं होतं की निदान तीन महिने भाडं पुढं ढकला, भाड्यासाठी कुणाला घराबाहेर काढू नका. सूचना योग्यच होती. पण कर्जाच्या चिंतेनं तिचीही झोप उडाली होती. नंतर माणसं परत आली, तेव्हा भाडं चढलं ते चढतच गेलं.

तरीही एक गोष्ट आम्हाला पटत नाही, आणि ती आम्ही तिच्या तोंडावर बोललोय. भाडं वाढतं यापेक्षा ते कधीही, कितीही वाढतं, याचा त्रास जास्त. आमच्यातल्या एका ताईची मुलगी दहावीला. ऐन जानेवारीत निरोप आला, "पुढच्या महिन्यापासून हजार जास्त, नाहीतर खोली बघा." बोर्डाची परीक्षा दीड महिन्यावर. ताई म्हणाली, "काकू, परीक्षेपर्यंत तरी थांबा." काकू थांबल्या नाहीत. कारण सगळा व्यवहार तोंडी. किती वाढ, कधी, किती आधी सांगायचं, काहीच ठरलेलं नव्हतं. मुलगी परीक्षेपर्यंत मावशीकडे राहिली आणि दोन बस बदलून शाळेत आली.

म्हणून आमचा सगळा भर कागदावर आहे. अकरा महिन्यांचा भाडेकरार, ज्याला लिव्ह अँड लायसन्स म्हणतात, तो लिहायचा आणि नोंदवायचा. स्टॅम्पवर नोटरी केली की झालं, असं पुष्कळांना वाटतं. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदणीची फी ग्रामपंचायतीच्या हद्दीत ५०० रुपये, महापालिकेच्या हद्दीत १,०००. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का. सहा हजार भाडं धरलं तर अकरा महिन्यांचे ६६ हजार, त्याचा पाव टक्का १६५ रुपये. डिपॉझिटचा थोडा हिशोब त्यात मिळतो, पण फार नाही. एजंट घेतो ते वेगळं, ते आधी विचारून घ्या.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आहे. त्यातलं कलम ५५ म्हणतं की करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ही जबाबदारी घरमालकाची. करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. खोली देणाऱ्या बायकांनी हे वाक्य नीट ऐकावं. कागद न करण्यात तुमचाच तोटा आहे. त्याच कायद्यात भाड्याची पावती देण्याचं कलम आहे, आणि भाडेकरूला हुसकावण्यासाठी पाणी-वीज तोडायची नाही, हेही आहे. कुणाशी वाद झालाच तर लक्षात ठेवा, १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

करारात वाढ किती ते आकड्यात लिहा. बरेच जण वर्षाला दहा टक्के लिहितात आणि ते ऐकायला थोडं वाटतं. सहा हजाराचे पहिल्या वाढीला ६,६००, दुसरीला ७,२६०, तिसरीला ७,९८६. म्हणजे तीन वाढींत जवळजवळ दोन हजार. पगार तेवढा वाढणार आहे का, हे सही करण्याआधी घरी बसून बघायचं. वाढीची सूचना किती दिवस आधी द्यायची तेही लिहा. आम्ही दोन महिने म्हणतो. आणि शाळेचं वर्ष चालू असताना खोली सोडायला लावायची नाही, अशी एक ओळ घाला. देणाऱ्या बायकांनी ही ओळ सगळ्यात आधी मान्य केली, हे सांगायला हवं.

आता विजेचं बघू. यात दोघींचं नुकसान होतं आणि दोघींना कळत नाही. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा असतो. महिन्याला पहिली १०० युनिट सगळ्यात स्वस्त, १०१ ते ३०० चा दर त्याच्या दुपटीच्या आसपास, त्यापुढं आणखी जास्त. समजा सहा खोल्यांना मिळून एकच मीटर आहे आणि प्रत्येक खोली ६० युनिट जाळते. एका खोलीचा वापर स्वस्त टप्प्यातच आहे. पण मीटरवर पडतात ३६०. त्यातली १०० स्वस्तात, उरलेली २६० महागात. मग मालकीण सरसकट युनिटमागं मोठा दर लावते, भाडेकरीण म्हणते लुटलं, आणि भांडण जुंपतं. दोघींपैकी कुणी लबाड नाही, एकाच मीटरमुळे हे होतं. खोलीत वेगळी चूल, वेगळा दरवाजा असेल तर मालकाच्याच नावानं खोलीगणिक मीटर मिळेल का, ते महावितरणच्या कार्यालयात विचारा. तोवर सबमीटर लावा आणि दर महिन्याला मूळ बिल दोघींनी मिळून वाचा.

पाण्याचं तर काय बोलावं. १९२१ साली धरणाविरुद्ध मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला. धरण झालंच, त्याचं पाणी वीज करायला घाटाखाली भिऱ्याला जातं. आणि त्याच तालुक्यात उन्हाळ्यात आपण टँकरची वाट बघतो. टँकरचे पैसे कुणी द्यायचे, हे करारात नसेल तर एप्रिल-मेमध्ये ते भाड्यातच चढतात.

लांब गेलं की खोली स्वस्त मिळते, म्हणून पुष्कळजणी पौडकडे, घोटवड्याकडे सरकतात. तिथं फक्त भाडं बघू नका. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पीएमपीत ती सवलत नाही. शेअर रिक्षाला तर नाहीच. महिन्याचे सव्वीस दिवस जायचे-यायचे पैसे मांडा, मग वाचलेलं भाडं आणि तो आकडा शेजारी ठेवा. आमच्यातल्या एकीचं भाडं दीड हजारानं उतरलं आणि प्रवासाला तेराशे लागायला लागले. वर रोजचे दोन तास गेले, ते कुठल्या वहीत लिहायचे?

बाहेरगावाहून आलेल्या मैत्रिणींसाठी थोडं. करार नाही म्हणून पत्ता नाही, पत्ता नाही म्हणून काहीच नाही, असं समजून बसू नका. तुमचं रेशनकार्ड गावचं असलं तरी 'एक देश, एक रेशनकार्ड'मुळे इथल्या दुकानातून धान्य उचलता येतं, आधार जोडलेलं असलं की झालं. पत्त्याचा पुरावा न देता, फक्त ओळखपत्रावर पाच किलोचा छोटा सिलेंडर मिळतो. मुलांचा दाखला गावाहून यायला उशीर झाला तरी आठवीपर्यंत शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षण हक्क कायद्यात तसं आहे.

आणि खोली देणाऱ्या काकू-वहिनींना एक विचारायचं आहे. भाडं गोळा तुम्ही करता, नळ तुम्ही दुरुस्त करून घेता, भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायला तुम्ही जाता. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर त्या खोल्या कुणाच्या नावावर आहेत, हे एकदा पाहिलंय का? आमच्या गटातल्या मालकिणींनी उतारे काढले, तेव्हा एकीचंही नाव त्यावर नव्हतं. तिघींनी नवऱ्याबरोबर नाव लावायचा अर्ज दिलाय. एकीच्या घरी त्यावरून अजून अबोला आहे.

कराराचा एक पानी नमुना आम्ही मोठ्या अक्षरात लिहून काढलाय. वाढ, सूचना, डिपॉझिट परत करायची मुदत, वीज, पाणी, शाळेची ओळ, एवढंच त्यात आहे. ज्या गटाला हवा त्यांनी मासिक बैठकीला वही घेऊन यावं आणि उतरवून न्यावं. येताना मागच्या महिन्याचं विजेचं बिल बरोबर आणा, तिथंच वाचून दाखवू.