एकशे वीस गोल पाने



आयोजकांनी मनोगत मागितलं, तेव्हा नोकरीबद्दल चार वाक्यं बोलून खाली बसायचं ठरवलं होतं. पण काल संध्याकाळी मोती तलावाच्या काठी उभी राहिले, समोर राजवाडा दिसला आणि विषय बदलला. आज बोलते आपल्या सावंतवाडीच्या गंजिफांबद्दल.

आठवीत असताना बाईंनी आपल्याला राजवाडा दाखवायला नेलं होतं. दरबार हॉलमध्ये चित्रकार मान खाली घालून गोल पानांवर कुंचला चालवत होते. आपण तिथे किती गोंगाट केला, हे बाईंना नक्की आठवत असेल!

दशावतारी गंजिफाचा संच १२० पानांचा. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात एक ते दहा, वर प्रधान आणि राजा. मत्स्याच्या रंगात मासे, कूर्माच्या रंगात कासवं, परशुरामाच्या रंगात परशू. पानं करायची जुनी रीत म्हणजे कापडाला चिंचोक्याची खळ आणि खडूचे थर द्यायचे, दगडाने घोटायचं, मग रंगवायचं आणि शेवटी लाखेचा हात.

काही वर्षांपूर्वी हौस म्हणून मी या खेळाचं मोबाइल ॲप लिहायला घेतलं. नियम गमतीचे आहेत. पाच रंगांत दहा मोठा, उरलेल्या पाचांत एक मोठा. दिवसा खेळलं तर उतारी रामाच्या राजाची, रात्री कृष्णाच्या. म्हणजे प्रोग्रॅमला आधी घड्याळ बघावं लागतं! नियम चार रविवारांत लिहून झाले. चित्रांसाठी मी घरचा संच स्कॅन केला. एक मासा घेऊन दहा वेळा चिकटवावा, हा माझा विचार. पण स्क्रीनवर मोठं करून पाहिलं, तर एक मासा दुसऱ्यासारखा नव्हता. कुणाची शेपटी वळलेली, कुणाचा डोळा मोठा. मी ॲप तिथेच थांबवलं, कारण हे मासे काढले कुणी, ते मला माहीत नव्हतं. पेटीवर नाव नव्हतं.

बाबराने १५२७ साली सिंधमध्ये गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. पाठवणारा कळतो, घेणारा कळतो, रंगवणारा कळत नाही. आपल्याकडे ही कला संपत आली असताना शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी यांनी वृद्ध चिताऱ्यांच्या मदतीने ती पुन्हा उभी केली. त्यांचे उपकार आहेतच. पण त्या चिताऱ्यांपैकी किती जणांची नावं आपल्याला सांगता येतील?

आता एक कबुली. आपल्या वर्गात चिताऱ्याच्या घरची एक मुलगी होती. माझ्या भूगोलाच्या वहीतले नकाशे तीच काढून द्यायची. दहावीनंतर ती म्हणाली, घरचंच काम शिकणार. मी मोठ्या शहाणपणाने म्हणाले, "चित्रां काढून पोट भरतला काय गो?"

ती आज आलेली नाही. काल तिच्या घरी गेले होते. काही वर्षं तिने पानं रंगवली, मग सोडलं. पानामागे मिळणाऱ्या पैशात घर चालेना. चहा देताना हसून म्हणाली, "तू म्हणी होतंस ता खोटा नाय." मला चहा गिळवेना. माझं वाक्य खरं ठरलं, ते आपण कुणी तिच्याकडून कधी एक संच विकत घेतला नाही म्हणूनही.

निघताना विचारलं, अजून हात चालतो का? म्हणाली, डोळे पूर्वीसारखे नाहीत, पण एक संच होईल. सावकाश होईल.

तर माझी विनंती एवढीच. आपल्या तुकडीतर्फे शाळेला भेट द्यायची आहे ना? घड्याळ किंवा कपाटाऐवजी हा संच देऊया. ती सांगेल ती किंमत, घासाघीस न करता. आणि पेटीच्या झाकणावर आपल्या तुकडीचं नाव नको, तिचं असू दे.