बिननावाचा पैसा

कुटुंबाचं अंदाजपत्रक आणि बचत या विषयावर मी बोलावं, असं मला सुचवण्यात आलं तेव्हा घरात पहिल्यांदा हसली ती माझी पत्नी. ‘तुम्ही? आणि बचतीवर?’ एवढंच म्हणून ती पुन्हा भाजी निवडायला लागली. तिच्या हसण्याला कारण आहे आणि ते कारणच आज तुम्हाला सांगायचं आहे. मी काही अर्थतज्ज्ञ नाही. बी.ए. झालेला, कॉलेजच्या कार्यालयात लिपिक म्हणून आयुष्य काढलेला आणि कविता लिहिणारा माणूस आहे. पण संसारात पैशाने मला एकदा असा धडा दिला, की तो कुठल्याही कवितेपेक्षा जास्त पाठ झाला.

सुरुवात अम्मापासून करतो. मिरजेत आमच्या अब्बांचं शिवणकामाचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक मशीन, कापड बेतायची एक फळी आणि खुंटीला टांगलेले अर्धवट शिवलेले सदरे. शिंप्याची कमाई बारमाही नसते. लग्नसराई, रमजान आणि दिवाळी या दिवसांत अब्बांना जेवायला फुरसत नसे आणि पावसाळ्यात मशीनवर धूळ बसे. म्हणजे चार-पाच महिन्यांच्या कमाईवर बारा महिने काढायचे. हे गणित अम्मा करायची. ती शाळेत गेलेली नव्हती. तिच्याकडे डालड्याचे चार रिकामे डबे होते. एक किराण्याचा, एक घरभाड्याचा, एक आमच्या शाळेचा. चौथ्या डब्याचं तोंड ती फडक्याने बांधून ठेवायची. तो हजचा डबा.

पहिल्या तीन डब्यांत उसनवारी चालायची. किराण्यातून भाड्यात, भाड्यातून शाळेत, आणि हंगाम आला की परत. चौथ्या डब्याला मात्र कोणी हात लावायचा नाही. दोरा-बटणं आणायला पैसे नसले तरी अब्बासुद्धा त्या डब्याकडे बघायचे नाहीत. १९८४ साली बांधलेलं ते फडकं. पुढे डबा गेला, बँकेतलं खातं आलं, गल्लीतल्या बायकांची भिशी आली. बारा जणी, महिन्याला पाचशे रुपये, आणि जिचा नंबर लागेल तिला एकदम सहा हजार. व्याज कोणाला नाही आणि तोटाही कोणाला नाही. अब्बा वारले, तरी ती भरत राहिली. २०१२ साली माझ्या धाकट्या मामांबरोबर अम्मा हजला जाऊन आली. अठ्ठावीस वर्षांनी! मुलांकडून तिने एक रुपया घेतला नाही.

आता माझ्याकडे वळतो. मी १९९४ साली नोकरीला लागलो. १९९७ साली लग्न झालं, आणि पुढच्याच वर्षी पत्नीला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका म्हणून नोकरी मिळाली. दोन पगार सुरू झाले. अब्बांच्या घराच्या मानाने ही श्रीमंतीच. पण दोन पगारांच्या घराची एक गंमत असते. दोघांनाही वाटत असतं, की दुसऱ्याच्या पगारातून काहीतरी शिल्लक पडत असेल. ती सकाळची पावणेसातची एस.टी. गाठायची, मी साडेनऊला बाहेर पडायचो. संध्याकाळी भेट व्हायची ती मुलीचा अभ्यास, स्वयंपाक आणि उद्याची तयारी यांच्या गर्दीत. पैशाबद्दल आम्ही बोलायचोच नाही. भांडत नव्हतो, म्हणजे सगळं ठीक चाललंय, असा समज होता.

तरी एक शहाणपण केलं होतं. २००३ साली पोस्टात पाच वर्षांचं आवर्ती ठेवीचं खातं उघडलं. आपण त्याला आर.डी. म्हणतो. महिन्याला पाचशे रुपये. खातं माझ्या एकट्याच्या नावावर होतं. कशासाठी उघडलं, हे आम्ही कधी ठरवलं नाही. ‘असू दे, पुढे उपयोगी पडेल’, एवढंच. २००८ साली मुदत संपली. भरलेले तीस हजार आणि वर व्याज, मिळून छत्तीस हजारांच्या वर रक्कम हातात आली.

त्याच सुमारास माझ्या कवितासंग्रहाचं घाटत होतं. पंधरा वर्षांच्या कविता वहीत पडून होत्या. एका प्रकाशकाने सांगितलं, ‘बावीस हजार द्या, पाचशे प्रती काढू.’ मी दिले. घरी सांगितलं नाही. सांगायचं टाळलं, हेच खरं. पुस्तक आलं की एकदम आनंदाचा धक्का देऊ, अशी मी मनाची समजूत घातली होती.

धक्का मलाच बसायचा होता. महिन्याभराने पत्नी एक बातमी घेऊन आली. तिच्या शाळेतल्या एका बाईंच्या नात्यात दीड गुंठ्याचा प्लॉट विकायचा होता. घरचेच लोक, भाव रास्त, उरलेली रक्कम सोसायटीच्या कर्जातून देता येण्यासारखी. इसार मात्र तीस हजार, आणि तो आठ दिवसांत हवा होता. अकरा वर्षं आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. तिचा चेहरा मला अजून आठवतो. ‘आपली आर.डी. संपलीय ना? ते पैसे काढा’, ती म्हणाली.

माझ्याकडे चौदा हजार उरले होते.

प्लॉट गेला. ती भांडली असती तर बरं झालं असतं. तीन दिवस ती कामापुरतं बोलली. चौथ्या दिवशी पुस्तकाचे गठ्ठे घरी आले आणि ठेवायला जागा नाही म्हणून पलंगाखाली सरकवले. त्या पलंगावर बरेच दिवस मला नीट झोप लागली नाही.

अम्माला सगळं कळलं होतं. तिने मला रागावलं नाही. आपल्या दखनी बोलीत एवढंच म्हणाली, ‘बेटा, जिस पैसे को नाम नहीं, उसको सब हात लगाते.’ ज्या पैशाला नाव नाही, त्याला कोणीही हात लावतं. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. चौथ्या डब्याचं रहस्य त्या फडक्यात नव्हतंच. त्या डब्याला नाव होतं आणि ते नाव घरातल्या पोराटोरांनाही माहीत होतं. माझ्या आर.डी.ला नाव नव्हतं. पत्नीने तिचं नाव मनात ‘घर’ ठेवलं होतं, मी मनात ‘पुस्तक’ ठेवलं होतं, आणि दोघांनीही एकमेकांना सांगितलं नव्हतं.

त्यानंतरच्या रविवारी रात्री पत्नीने दोनशे पानी वही काढली. एकेका पानावर एकेक नाव लिहिलं. घर. मुलीचं शिक्षण. मुलाचं शिक्षण. अम्माची औषधं. अडीअडचण. मग थोडं थांबून तिने आणखी एक पान उघडलं आणि लिहिलं, ‘यांचं पुस्तक’. मी म्हणालो, ‘आता कशाला?’ ती म्हणाली, ‘तेव्हा सांगितलं असतंत, तर तेव्हाच हे पान केलं असतं.’

श्रोतेहो, गेली सतरा-अठरा वर्षं ती वही चालू आहे. आता तिसरी वही आहे. आमची पद्धत साधी आहे. रविवारी रात्री जेवणं झाल्यावर वीस मिनिटं. रोजच्या भाजीचा, रिक्षाचा हिशेब आम्ही लिहीत नाही; धावपळीच्या घरात तो आठ दिवसांवर टिकत नाही. पगार झाला की पहिल्या दोन दिवसांत प्रत्येक पानाची रक्कम बाजूला काढायची आणि उरेल त्यात महिना भागवायचा. पूर्वी आम्ही उलटं करायचो. महिना भागवून उरेल ते साठवू म्हणायचो, आणि उरायचं काहीच नाही. दरवर्षी वेतनवाढ मिळाली की तिच्यातला निम्मा भाग पानांवर वाटायचा. वाढलेला पगार एकदा खर्चाच्या सवयीचा झाला, की तो परत सोडवून घेता येत नाही.

मोठ्या मुदतीच्या गोष्टींसाठी एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. ७२ या संख्येला व्याजाच्या दराने भागलं, की पैसे साधारण किती वर्षांत दुप्पट होतील ते कळतं. हाच हिशेब महागाईलाही लागू होतो. महागाई वर्षाला सहा टक्के धरली, तर आज एक लाखात होणारं शिक्षण बारा वर्षांनी दोन लाखांत होईल. म्हणून पानावर आजची किंमत लिहून भागत नाही, मूल कॉलेजात जाईल त्या वर्षीची लिहावी लागते. जुन्या आठवणींवरही विसंबू नये. किसान विकास पत्र १९८८ साली निघालं तेव्हा पैसे साडेपाच वर्षांत दुप्पट व्हायचे. २०२३ मध्ये तीच मुदत ११५ महिन्यांची, म्हणजे साडेनऊ वर्षांहून थोडी जास्त झाली.

आणखी एक सावधगिरी. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त गृहस्थांनी चार पैसे जास्त व्याज मिळतं म्हणून सगळी पुंजी एका पतसंस्थेत ठेवली आणि ती अडकली. बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकांतल्यासुद्धा, विम्याचं संरक्षण असतं. फेब्रुवारी २०२० पासून ते एका बँकेत प्रत्येक ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही. व्याजाचा दर विचारण्याआधी हे विचारावं. आणि खातं दोघांच्या नावावर असावं, वारसाचं नाव नोंदवलेलं असावं. हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो!

व्याजाचा विषय निघाला म्हणून सांगतो. आमच्या घरात त्यावरही बरंच बोलणं झालं. अम्माला व्याज मान्य नव्हतं, आमच्या पगारातून भविष्य निर्वाह निधी कापला जात होता, आणि आर.डी. तर मीच उघडली होती. मुसलमान घरांत या प्रश्नाची उत्तरं वेगवेगळी निघतात. काही जण बँकेचं व्याज वेगळं मोजून, पुण्याची आशा न धरता गरजूंना देऊन टाकतात. आमच्या वहीत त्याचंही एक पान आहे. पण आमच्या धर्मातल्या एका गोष्टीचा हिशेबाला फार उपयोग झाला. ती म्हणजे जकात. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त शिल्लक वर्षभर राहिली, तर तिचा चाळिसावा भाग गरजूंना द्यायचा. आता चाळिसावा भाग काढायचा, तर एकूण किती आहे ते आधी माहीत हवं ना! आमच्या दुकानाशेजारचे कापडवाले पाडव्याला नवी कीर्द-खतावणी पूजेला मांडायचे आणि अब्बांना पेढा द्यायचे. त्यांचा पाडवा, आमचा रमजान. वर्षातून एकदा स्वतःच्या पैशाकडे सरळ नजरेने बघायचं, ही दोन्हीकडची शिकवण.

वहीतल्या सगळ्या पानांना यश आलं असं नाही. घर व्हायला २०१६ साल उजाडलं. तेही प्लॉट नाही, दुसऱ्या मजल्यावरचे दोन खोल्या-स्वयंपाकघर, आणि त्याचे हप्ते अजून चालू आहेत. तो प्लॉट आजही माझ्या रस्त्यात लागतो. तिथे आता कोणाचं तरी दुमजली घर आहे, दारात कडुनिंब आहे. मी मान खाली घालून जातो. मुलीचं पान मात्र भरलं. २०१७ साली ती बी.फार्म.ला गेली तेव्हा पहिल्या वर्षाच्या फीसाठी कोणापुढे हात पसरावा लागला नाही. त्या दिवशी पत्नीने पानावर फक्त तारीख आणि रक्कम लिहिली. तिचं अक्षर किंचित हललं होतं.

आणि २०२०! मार्चमध्ये टाळेबंदी लागली. अब्बांचं दुकान आता माझा धाकटा भाऊ चालवतो. लग्नसराई गेली, रमजान गेला, शिवणयंत्र महिनोन् महिने बंद. आमचे पगार चालू होते. ‘अडीअडचण’ हे पान आम्ही सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकं भरत आणलं होतं. ते तीन महिन्यांत जवळजवळ रिकामं झालं. त्यातलं निम्मं भावाच्या घरात गेलं. पत्नीने त्याच्यापुढे ‘दिले’ असं लिहिलं, ‘उसने’ असं लिहिलं नाही. भावाने मात्र पुढच्या दोन वर्षांत थोडे थोडे करून सगळे परत आणून दिले. अम्माचाच मुलगा तो.

‘थेंबे थेंबे तळे साचे’ हे आपण शाळेत शिकलो. पण मिरज तालुक्याच्या पूर्व भागातल्या शेतकऱ्याला विचारा. तो सांगेल, पाऊस पडतो हो, बांध नसेल तर पाणी थांबत नाही. घरातल्या माणसांनी मिळून एक नाव ठरवणं, हा तो बांध.

मुलगा सध्या पुण्याला नोकरी करतो. त्याला आमच्यासारखं निवृत्तिवेतन नाही. तो म्हणतो, ‘अब्बा, मोबाइलवर सगळा हिशेब आपोआप राहतो.’ राहतो खरा. पैसे कुठे गेले ते मोबाइल बरोबर सांगतो. मी त्याला एवढंच विचारलं, ‘आणि कशासाठी ठेवलेत?’ तो गप्प बसला. गेल्या ईदला आला तेव्हा त्याच्या आईने त्याला एक कोरी वही दिली. पहिल्या पानावर काय लिहिलं, ते त्याने अजून आम्हाला सांगितलेलं नाही. लग्न झाल्यावर निदान बायकोला तरी सांग, असा निरोप मी दिला आहे.

राहता राहिलं ‘यांचं पुस्तक’. महिन्याला दोनशेने सुरू झालेलं ते पान २०१९ साली पुरं झालं आणि माझा दुसरा संग्रह निघाला. या वेळी तीनशेच प्रती काढायच्या, असं वहीसमोर बसून दोघांनी ठरवलं. पहिल्या संग्रहाचे दोन गठ्ठे अजून पलंगाखाली आहेत. कोणाला हवे असतील तर जरूर कळवा. जे पैसे येतील, ते कुठल्या पानावर मांडायचे हे मात्र रविवारी ठरेल.