बुरूड राजाचा कोट



वसईजवळ सोपाऱ्यास एक टेकाड आहे. गांवकरी त्यास 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. टोपल्या विणणाराचें नांव राजास जोडतांना त्यांस कांहीं वावगें वाटलें नाहीं! १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजींनीं तें उकरिलें, तों बौद्धांचा स्तूप निघाला. त्याच सालीं सोपाऱ्यांत अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा सांपडला. नवव्याचा १९५६ सालीं, शेजारच्या भुईगांवीं. नववा लेख म्हणतो, आजारांत, लग्नांत, प्रवासास निघतांना लोक नाना विधि करितात, त्यांचें फळ थोडें. दासाशीं व चाकराशीं नीट वागणें हा खरा विधि. हें सारें संस्कृतांत नव्हे, बोलीच्या प्राकृतांत. म्हणून गास, निर्मळ, भुईगांवच्या भावांस आमचें मागणें: विहीर किंवा पाया खणतांना अक्षरांचा दगड लागला तर फोडूं नका, पुराणवस्तु खात्यास कळवा.