वर्तमानपत्र, चर्चा आणि इंग्रजीचा सराव

महाविद्यालयाची पदवी घेतलेला मराठी तरुण इंग्रजी पुस्तक सहज वाचतो आणि इंग्रजी अर्जहि बरा लिहितो. परंतु आगगाडीच्या डब्यांत शेजारीं बसलेल्या परप्रांतीय गृहस्थानें, "आज वर्तमानपत्रांत विशेष काय आहे?" असें इंग्रजींत विचारलें, कीं त्याची जीभ अडखळते. शब्द त्याला ठाऊक असतात, व्याकरणहि येत असतें. पण वाक्य जुळेपर्यंत समोरचा गृहस्थ खिडकीबाहेर पाहूं लागलेला असतो. बारा-पंधरा वर्षें शिकलेल्या भाषेची ही अवस्था कां व्हावी?

कारण उघड आहे. शाळेंत भाषा परीक्षेसाठीं शिकविली जाते. बोलणें हें मात्र कोणाला तरी कांहीं तरी सांगावयाचें असलें म्हणजेच होतें. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेनें महाराष्ट्रांतील कित्येक पिढ्यांचें इंग्रजी सुधारलें, हे तिचे उपकार विसरण्याजोगे नाहींत. तथापि पाठमालेंतील वाक्यें कोणी कोणास उद्देशून बोललेलीं नसतात. ज्या वाक्याला ऐकणारा नाहीं तें पाठ होतें, पण ऐन वेळीं आठवत नाहीं.

बातमी हें इंग्रजी शिकण्याचें साधन आहे, ही कल्पना मराठी वाचकांना नवी नाहीं. मराठी वृत्तपत्रसृष्टीचा आरंभच तिच्या संगतीनें झाला. बाळशास्त्री जांभेकरांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईंत 'दर्पण' सुरू केलें, तेव्हां त्याच्या पानांवर एका स्तंभांत मराठी व शेजारच्या स्तंभांत इंग्रजी मजकूर असे. स्वदेशीय लोकांत इंग्रजी विद्येची गोडी वाढावी, हा त्या पत्राचा एक हेतु होता. आज तोच लाभ दोन वर्तमानपत्रें शेजारीं ठेवून कोणालाहि घेतां येतो. खडकवासल्याच्या धरणांतून पाणी सोडल्याची बातमी सकाळीं आधीं मराठींत वाचावी व मग इंग्रजींत. अर्थ अगोदरच कळलेला असल्यामुळें लक्ष शब्दांच्या मांडणीकडे राहतें, आणि कोशाचीं पानें उलटण्यांत सकाळ जात नाहीं.

मथळ्यांचें इंग्रजी मात्र निराळेंच असतें, व नवशिक्याची तेथें हमखास फसगत होते. मथळ्यांत घडून गेलेली गोष्ट वर्तमानकाळीं सांगतात. 'मिनिस्टर रिझाइन्स' म्हणजे मंत्र्यानें राजीनामा दिला आहे. पुढें होणाऱ्या गोष्टीसाठीं क्रियापदापूर्वीं नुसता 'टु' येतो. 'प्रेसिडेंट टु व्हिजिट पुणे' म्हणजे राष्ट्रपति पुण्यास येणार आहेत. 'अ' आणि 'द' हीं उपपदें तर बहुधा गाळलेलींच असतात. असा मथळा बोलण्यांत जसाचा तसा उतरला तर ऐकणाऱ्याला जुन्या काळची तार वाचल्यासारखें वाटतें. म्हणून रोज पांच मथळे घ्यावे, त्यांचीं पूर्ण वाक्यें करावीं, आणि तीं मोठ्यानें म्हणावीं. उपपदांची अडचण मराठी माणसाला जन्मभर पुरते, कारण मराठींत तीं नाहींतच; पण या एका खटाटोपानें ती पुष्कळ हलकी होते. मराठींत क्रियापद शेवटीं येतें, इंग्रजींत तें कर्त्याच्या पाठोपाठ हवें असतें. त्यामुळें मनांत मराठी वाक्य रचून बोलणारा मध्यावर येऊन क्रियापद शोधीत बसतो. 'विषयावर चर्चा करणें' या संवयीनें 'डिस्कस'पुढें 'अबाउट' चिकटतें, तें तेथें नको. बोलतांना एकाच 'व'वर भागविल्यामुळें 'व्हाइन' म्हणजे वेल आणि 'वाइन' म्हणजे मद्य, हीं दोन्ही पुष्कळांच्या तोंडीं एकच होऊन बसतात.

कानाला वळण लावण्याचें काम नभोवाणीचें. बी. बी. सी.ने १९४३ सालीं इंग्रजीचे पाठ प्रक्षेपित करण्यास आरंभ केला. 'व्हॉइस ऑफ अमेरिका'नें १९५९ सालीं सुमारे १५०० शब्दांच्या मर्यादेंत, मंद गतीनें बातम्या देण्याची प्रथा घातली. एवढ्या थोड्या शब्दांत जगाच्या घडामोडी सांगतां येतात, हें कळलें म्हणजे शब्दसंग्रहाची उगाच वाटणारी धास्ती कमी होते.

वाचलें, ऐकलें, तरी बोलण्यासाठीं मंडळी हवी. एल्फिन्स्टन संस्थेंतील तरुणांनीं १८४८ सालीं मुंबईंत 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' काढली. तेथें निबंध वाचले जात व त्यांवर वाद होत. दादाभाई नवरोजी तिच्या धुरीणांपैकीं होते. तो वाद नुसता जिभेचा व्यायाम राहिला नाहीं. दुसऱ्याच वर्षीं याच मंडळींनीं मुलींच्या शाळा उघडल्या, आणि इंग्रजींत चर्चा करणारे हे तरुण मराठी व गुजराथी मुलींना त्यांच्या भाषांतून शिकवूं लागले. पुढें १८८७ सालीं तरुण गोखल्यांकडे पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या इंग्रजी त्रैमासिकाचें संपादन आलें. न्यायमूर्ति रानडे त्यांना सरकारी अहवाल चाळावयास लावीत आणि मसुदे पुन्हां पुन्हां दुरुस्त करवीत. विधिमंडळांत गाजलेल्या त्यांच्या इंग्रजी वक्तृत्वाची तालीम अशी रूक्ष आंकड्यांत झाली होती.

प्रत्येक घरांत गोखले निपजावेत असें नाहीं. रात्रीं जेवणें आटोपल्यावर चौघांनीं बसावें, दिवसांतील एक बातमी घ्यावी, आणि दहा मिनिटें इंग्रजींत बोलावें, इतकें पुरे. बातमी घरगुती सुखदुःखाशीं जितकी लागून तितकी बरी. परदेशांतील निवडणुकीपेक्षां आपल्या गल्लींतला खणलेला रस्ता बोलावयास अधिक सोपा, कारण त्यावर प्रत्येकाला राग आलेला असतो. बोलणाऱ्याला मध्येंच थांबवून चूक दाखविण्याची खोड वडिलांना फार असते, ती आवरावी. चुका कागदावर टिपाव्या व शेवटीं दोनच सांगाव्या. सात सांगितल्या तर दुसऱ्या दिवशीं मुलगा जेवण लवकर आटोपून निघून जातो!

शेजारपाजारचे समारंभ हें तर याहूनहि उत्तम क्षेत्र आहे. गणेशोत्सवांत परभाषी शेजारी आरतीला येतात, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बंगाली किंवा तमिळ बाई येते, आणि विचारते, "हें काय?" आतां 'ओवाळणें' याला इंग्रजींत एक शब्द नाहीं. निरांजन पेटवून, तबकांत घालून, तें माणसासमोर वर्तुळाकार फिरवितात, आणि त्यांत त्याच्या आयुष्याबद्दलची इच्छा असते, एवढें सर्व साध्या वाक्यांत सांगावें लागतें. 'वाण' म्हणजे भेट म्हटलें तर अर्थ अर्धा राहतो. तें सुवासिनीनें सुवासिनीला द्यावयाचें असतें, हें सांगितल्याशिवाय गत्यंतर नाहीं. तिळगूळ देतांना 'गोड बोला' कां म्हणतात, याचें उत्तर देतांना तर पदवीधरांचीहि परीक्षा होते. पाठ केलेला एकहि उतारा येथें उपयोगी पडत नाहीं, आणि पाहुणी उत्तराची वाट पाहत उभी असते. अशा पांच मिनिटांत जें इंग्रजी येतें तें जात नाहीं. मंडळाची सूचना इंग्रजींत लिहिणें, गृहसंस्थेच्या सभेचा वृत्तांत लिहिणें, व्याख्यानानंतर आभार मानणें, हीं कामें सहसा एकाच हुशार माणसाच्या गळ्यांत पडतात. तीं आळीपाळीनें सर्वांना द्यावीं.

मात्र एक गोष्ट या सरावांत हटकून विसरली जाते. चौघे इंग्रजी बोलत असतां पांचवी व्यक्ति, बहुधा आजी, कोपऱ्यांत गप्प बसलेली असते. तिच्यासमोर तिला न कळणाऱ्या भाषेंत हंसणें म्हणजे तिच्या तोंडावर दार लावणें होय. म्हणून दहा मिनिटें संपतांच झालेल्या चर्चेचा गोषवारा एकानें तिला मराठींत सांगावा. तिचें मत विचारावें, आणि तें पुन्हां इंग्रजींत मांडावें. यांत दोन्ही भाषांचा कस लागतो, आणि कित्येकदां सर्वांत शहाणें मत तिचेंच निघतें.

रमाबाई रानडे यांना हा पेंच फार तीव्रपणें भोगावा लागला. लग्नानंतर न्यायमूर्तींनीं त्यांना स्वतः लिहावयास, वाचावयास शिकविलें, पुढें इंग्रजीहि शिकविलें. घरांतील वडीलधाऱ्या बायकांना तें मुळींच रुचत नसे. पुण्यांत मुलींच्या हायस्कुलासाठीं खटपट चालली होती. त्या प्रसंगीं रमाबाईंनीं गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यापुढें भरसभेंत इंग्रजी भाषण वाचून दाखविलें. सभेनें वाहवा केली. घरीं आल्यावर मात्र त्यांना बोल ऐकून घ्यावे लागले, आणि ज्यांच्यासोबत दिवसभर स्वयंपाकघरांत वावरावयाचें त्याच बायका त्यांना परक्यासारखें वागवूं लागल्या. १८८४ सालीं तें हायस्कूल, म्हणजे हुजूरपागा, उघडलें. रमाबाईंनीं हे सारे प्रसंग, त्या बायकांविषयीं फारशी कटुता न धरतां, १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत लिहून ठेवले, आणि ते मराठींत लिहिले.