आलं का चित्र?



मुंबई दूरदर्शन आणि मी एकाच वर्षीचे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी ते सुरू झालं. पण आमच्या कल्याणच्या चाळीत पोहोचायला त्याला आणखी काही वर्षं लागली. पहिला संच आला तो शेजारच्या काकूंकडे. लाकडी पेटी आणि पुढे सरकतं शटर. तेव्हा टीव्हीला परवाना लागे आणि त्याची फी टपाल कार्यालयात भरावी लागे. सिनेमाच्या दिवशी अख्खी चाळ काकूंच्या एका खोलीत मावायची. काकू म्हणायच्या, "पोरांनो, पुढे सरका, अजून माणसं यायची आहेत."

अँटेनाचं तोंड वरळीच्या मनोऱ्याकडे. कल्याण पडलं लांब, त्यामुळे वारा सुटला की चित्र गेलंच. मग एक जण कौलांवर, दुसरा खिडकीत, तिसरा टीव्हीसमोर. "आलं का?" "आलं, आलं... गेलं!"

जानेवारी १९८७ मध्ये 'रामायण' सुरू झालं. त्याच सुमारास अब्बांनी हप्त्यांवर कृष्णधवल संच घेतला आणि नेमका काकूंचा बिघडला. रविवारी सकाळी काकू आमच्या दारात उभ्या. "भाभी, येऊ का?" अम्मीनं लगबगीनं चटई अंथरली. काकूंनी येताना जास्वंदीचं फूल आणलं होतं. ते टीव्हीवर ठेवून त्यांनी हात जोडले.

अब्बा पाच वेळचे नमाजी. ते कोपऱ्यात बसले होते. खोलीत कुणी बोलेना. अम्मी अब्बांकडे बघत राहिली. अब्बा मला म्हणाले, "वर जा, अँटेना नीट कर. काकूंना मुंग्या दिसताहेत."

मी आयुष्यभर कविता लिहीत आलो. पण या वाक्याच्या तोडीचं काही अजून लिहून झालेलं नाही.

पुढे १९९२ मध्ये झी आलं, गल्लीत केबलच्या तारा लोंबू लागल्या. हातात रिमोट आला आणि घरात पहिली भांडणं त्याच्यावरून झाली. मग सेट-टॉप बॉक्स आला, कौलांवरची अँटेना भंगारात गेली. आता ठाण्यातल्या माझ्या फ्लॅटमध्ये टीव्ही कॅलेंडरासारखा भिंतीला टांगलेला आहे. चित्र असं स्वच्छ, की मुंगी औषधालाही सापडायची नाही. मुलगा मोबाइलवर, सून लॅपटॉपवर, मी हॉलमध्ये. प्रत्येकाला हवं ते, हवं तेव्हा. ही सोय मलाही आवडते, खोटं कशाला बोलू?

पण रात्री बातम्यांच्या चर्चेत आरडाओरडा सुरू झाला की मी आवाज कमी करतो. भिंतीपलीकडचे शेजारी काय बघतात, मला ठाऊक नाही. मी काय बघतो, हे त्यांना ठाऊक नाही. काकू आमच्या चटईवर बसून डोळे पुसायच्या, तेव्हा अम्मीही पुसायची. कोण कशानं हेलावतं, हे आम्हाला एकमेकांच्या चेहऱ्यावर दिसायचं. आता पडदा स्पष्ट दिसतो, शेजारचा चेहरा मात्र दिसत नाही.

२८ मार्च २०२० पासून, टाळेबंदीत, दूरदर्शननं 'रामायण' पुन्हा दाखवायला घेतलं. अम्मी म्हणाली, "काकू बघत असतील." काकू केव्हाच डोंबिवलीला मुलाकडे राहायला गेल्या होत्या. दोनचार ठिकाणी विचारून मी त्यांचा नंबर मिळवला. त्या दिवसापासून सकाळी नऊला दोघी फोन चालू ठेवून बसू लागल्या. इकडचं प्रक्षेपण तिकडच्यापेक्षा क्षणभर पुढे असायचं.

अम्मी फोनवर विचारायची, "ताई, आमच्याकडे आलं. तुमच्याकडे आलं का?"

आणि डोंबिवलीहून थरथरता आवाज यायचा, "आलं हो भाभी, आलं!"

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)