रोख की हप्ता?

(अकोले तालुक्यातील बचत गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आज मी कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यावर बोलावं असं ठरलं होतं. पण मघाशी चहाच्या वेळी एक ताई कोपऱ्यात घेऊन गेल्या आणि पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. मोटरसायकलचं कोटेशन. म्हणाल्या, "कायद्याचं नंतर सांगा. आधी सांगा, ही गाडी रोख घेऊ की हप्त्यानं?" मला वाटलं, आज याच प्रश्नावर बोलावं. कायदाही याच वाटेनं येईल.

आपल्या भागात बाईला गाडी कशाला लागते हे इथं सांगायला नको. २०२३ च्या मार्चपासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट झालं, चांगलं झालं. पण दिवसातून दोनदा येणारी एसटी अर्ध्या तिकिटात तिसऱ्यांदा येत नाही. आशाताईला रात्री बाळंतिणीसाठी निघावं लागतं, गटाच्या साधन व्यक्तीला चार वाड्या करायच्या असतात, कुणाला राजूरला दूध घालायचं असतं. दरवेळी नवऱ्याच्या किंवा दिराच्या मागं बसून जायचं, म्हणजे त्याला सवड असेल तेव्हाच आपलं काम.

मी स्वतः पहिली गाडी घेतली ती कामाला लागल्यावर दुसऱ्या वर्षी. स्कूटर नाही, मोटरसायकल, कारण इथल्या खडीच्या रस्त्यावर लहान चाकं टिकत नाहीत. वडिलांचं म्हणणं, कर्ज काढून गाडी घ्यायची नाही, पैसे साठले की घे. माझ्याकडे निम्मे पैसे होते. शोरूममध्ये गेले तर पहिला प्रश्न, "गाडी कुणाच्या नावावर करायची?" म्हटलं, माझ्या. दुसरा प्रश्न, "मिस्टर काय करतात?" मी एकटीच आहे म्हटल्यावर वडिलांची सही मागितली. तिशीकडं झुकलेली, पगार घेणारी बाई, आणि जामीन पेन्शनवर असलेला म्हातारा! वडिलांनी सही केली. दर १२ टक्के सांगितला आणि मी हो म्हटलं. एम.एस.डब्ल्यू. झालेली, गटांना हिशेब शिकवणारी मी, तो १२ टक्के कुठला हे विचारलंच नाही. ते आता सांगते.

धरून चाला की ८०,००० रुपये कर्ज आहे आणि दोन वर्षांची मुदत. कंपनी म्हणते १२ टक्के 'फ्लॅट'. याचा अर्थ, पूर्ण ८०,००० वर दोन्ही वर्षं व्याज. वर्षाला ९,६०० प्रमाणे दोन वर्षांचे १९,२००. एकूण ९९,२०० भागिले २४, हप्ता ४,१३३ रुपये. आता बघा, वर्ष संपलं तेव्हा तुम्ही जवळजवळ निम्मं मुद्दल फेडलेलं असतं. तरी व्याज चालू आहे ८०,००० वरच. जे पैसे तुमच्याकडं नाहीतच, त्यांचं व्याज तुम्ही भरता. उरलेल्या मुद्दलावर हिशेब केला तर हा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो.

आता आपल्या गटाचं बघू. गटात शेकडा दीड व्याज म्हटलं की आपणच म्हणतो, बाई गं, वर्षाला १८ टक्के! पण गटात मुद्दल दरमहा सारखं फेडतो आणि व्याज उरलेल्या मुद्दलावर बसतं. ८०,००० ला पहिल्या महिन्यात १,२०० रुपये व्याज, शेवटच्या महिन्यात ५०. दोन वर्षांचं एकूण व्याज १५,०००. शेकडा दोन धरलं, तरी २०,०००. म्हणजे कंपनीचे '१२ टक्के' आणि आपले '२४ टक्के' यांच्यात फरक फक्त ८०० रुपयांचा, आणि कंपनीची प्रोसेसिंग फी वेगळीच. शिवाय गटातलं व्याज परत आपल्यातच येतं. एक खरं की गटाचे सुरुवातीचे हप्ते जड असतात. शेकडा दीडनं पहिला हप्ता साडेचार हजारांच्या वर जातो. ते झेपेल का हे आधी बघायचं.

तुम्ही म्हणाल, गट गाडीला कर्ज देतो कुठं? हे मी आपल्यालाच विचारते. म्हशीला दिलं तर उत्पादक, शिलाई मशीनला दिलं तर उत्पादक, आणि बाईच्या गाडीला दिलं तर चैन? पण नवऱ्याच्या गाडीसाठी बाईनं गटातून उचललेलं कर्ज वहीत 'घरखर्च' म्हणून लिहिलेलं मी कितीतरी ठिकाणी पाहिलं आहे. आपापल्या गटाची वही काढा. गटाच्या पैशातून गावात किती गाड्या आल्या आणि त्यातल्या किती बाईच्या नावावर आहेत, एवढं मोजा.

बाहेरून कर्ज घ्यायचंच असेल, तर एक कागद मागून घ्या. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं नव्या कर्जाबरोबर 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावंच लागतं, म्हणजे कर्जाच्या मुख्य गोष्टींचा कागद, आणि तोही आपल्याला समजेल अशा भाषेत. त्यात ए.पी.आर. नावाची ओळ असते, फी वगैरे धरून वर्षाचा खरा दर. फ्लॅट-बिट काही ऐकायचं नाही, त्या ओळीवर बोट ठेवायचं. मुदतीआधी फेडलं तर काय दंड, हेही तिथंच बघायचं.

मग रोखच बरं का? पैसे खरोखर बाजूला पडलेले असतील तर बरंच. रोखीला मोठी सूट मिळेल या आशेवर मात्र जाऊ नका. मला तरी रोख म्हटल्यावर सेल्समनचा चेहरा पडलेलाच दिसला आहे, कारण फायनान्स करून दिलं की त्याला वर काही सुटतं. विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे अशी सक्ती नसते, हेही सांगून ठेवते.

पण रोख म्हणजे कुठली रोख? एका ताईंनी साठवलेले सगळे पैसे गाडीत घातले, वर अभिमानानं सांगितलं, "एक रुपया कर्ज नाही." दीड महिन्यात सासूचं ऑपरेशन निघालं आणि सावकाराकडून शेकडा पाचनं पैसे आणावे लागले. वर्षाला साठ टक्के झाले. गाडी रोख दिसली खरी, पण तिचं कर्ज दीड महिना उशिरा आलं एवढंच. दोन-तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवून जे उरेल, ती तुमची रोख. त्यातून निम्मी गाडी होत असेल तर निम्मी रोख द्या आणि निम्म्याचंच कर्ज घ्या. आणि लाडकी बहीणचे पंधराशे धरून हप्ता बसवू नका. सरकारी योजनेत यादीतून नाव कधी गळेल ते आपल्या हातात नसतं.

दुसरी रोख म्हणजे सोनं. पोत मोडली, गाडी आली. इथं मी जरा कडक बोलणार आहे. स्त्रीधन ही बाईची स्वतःची मालमत्ता आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५ साली प्रतिभा राणीच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं. ते सोनं विकून आलेली गाडी नवऱ्याच्या नावावर लागली, तर तुमची मालमत्ता तुमच्याच हातानं त्याची झाली. माहेरच्या सोन्याला निदान साक्षीदार असतात. शोरूममध्ये मोजलेल्या नोटांना कोण साक्षीदार?

आमच्या कामात आलेली एक गोष्ट सांगते, नाव-गाव सांगत नाही. आशा म्हणून काम करणारी बाई. आशाला पगार नाही, मोबदला आहे. पगारपत्रक नाही म्हणून फायनान्सवाल्यानं तिचा कागदच धरला नाही. नवरा नोकरीला, त्याचं पगारपत्रक लावलं, गाडी त्याच्या नावावर, हप्ता त्याच्या खात्यातून. ही दर महिन्याला आपल्या मोबदल्यातले पैसे रोख त्याच्या हातात द्यायची. चोवीस महिने. गाडी चालवायची हीच, गाव म्हणायचं आशाताईंची गाडी. मग घरात मारहाण सुरू झाली, ती माहेरी आली आणि गाडी राहिली तिकडं. २००५ च्या कायद्यात आर्थिक छळ हाही हिंसाचार धरलेला आहे. आम्ही अर्ज केला, त्यात गाडीही मागितली. पण समोरून विचारलं, हप्ते तुम्ही भरले याला पुरावा काय? आरसी पुस्तक त्याचं, बँकेची नोंद त्याची, हिच्याकडं तोंडी शब्द. प्रकरण अजून चालू आहे. ती आता चालत फिरते.

ती म्हणाली, "मॅडम, मी हप्ते त्याच्या हातात न देता त्याच्या खात्यात टाकले असते, तरी चाललं असतं ना?" निदान नोंद तरी राहिली असती.

नव्वदच्या दशकाच्या तोंडाशी शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला, तेव्हा सातबारावर बाईचं नाव लावण्यासाठी माणसं तयार झाली. गाडीचा सातबारा म्हणजे आरसी. त्यावर आपलं नाव नसेल तर आणखी एक गोष्ट हातची जाते. गाडीच्या विम्याबरोबर मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात संरक्षण असतं. ते कुणासाठी? आरसीवर ज्याचं नाव आहे आणि ज्याच्याकडं लायसन्स आहे, त्याच्यासाठी. गाडी नवऱ्याच्या नावावर आणि घाटात पडलात तुम्ही, तर त्या संरक्षणात तुम्ही बसत नाही. लायसन्स नसेल तर स्वतःच्या नावावरच्या गाडीलाही ते मिळत नाही. म्हणून गाडीच्या आधी लायसन्स काढा.

कर्जाची गाडी असली तर आरसीवर फायनान्स कंपनीची नोंद लागते. शेवटचा हप्ता गेला म्हणजे ती आपोआप निघत नाही. कंपनीकडून ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत नोंद काढावी लागते. माझी तशीच राहिली होती. चार वर्षांनी गाडी विकायला काढली तेव्हा कळलं, आणि तोवर त्या कंपनीची तालुक्यातली शाखा बंद झालेली. तीन खेपा नगरला झाल्या.

हप्ता थकला तर घाबरून दागिना विकायला धावू नका. आधी कंपनीला लेखी कळवा. वसुलीवाल्यानं सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा आदेश आहे. दारात आला तर ओळखपत्र मागा आणि गटातल्या चौघींना बोलवा.

तर त्या ताईंचं कोटेशन. त्यांच्याकडं भिशीचे ३५,००० आहेत, त्यातले १०,००० मी मागं ठेवायला सांगितले. २५,००० रोख, उरलेले गटातून, नाहीच जमलं तर बँकेतून, कंपनी सगळ्यात शेवटी. हप्ता त्यांच्याच खात्यातून. कोटेशनवर 'ग्राहकाचे नाव' म्हणून त्यांच्या मालकांचं नाव लिहिलेलं आहे. ताई म्हणतात, ते मी सांगितलं नव्हतं, त्यांनीच लिहिलं. उद्या शोरूमला जाऊन त्या कागद बदलून आणणार आहेत, मी बरोबर जाते आहे. आणखी कुणाकडं असे कागद असतील तर जेवणाआधी घेऊन या, फळ्यावर बेरीज करून बघू.